‘कुठे?’ या प्रश्नाचे ऋण

मृत्यूच्या घरी गेलेल्या माणसांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास येतात. एक सांत्वनाचे असते, दुसरे सल्ल्याचे. सांत्वनाचे वाक्य देवाच्या इच्छेचा हवाला देते. सल्ल्याचे वाक्य म्हणते, झाले गेले गंगेला मिळाले, आता उकरून काय हाती लागणार? पहिल्या वाक्याचा विचार आम्ही या पानांतून अनेकदा केला आहे. दुसऱ्याची तपासणी मात्र सहसा होत नाही, कारण ते शहाणपणाच्या वेशात येते. गेलेला माणूस परत येणार नसेल, दोषी सापडण्याची शाश्वती नसेल आणि मध्ये बरीच वर्षे लोटली असतील, तर नेमके काय घडले हे शोधून काढण्याचे नैतिक बंधन आपल्यावर उरते काय? उरत असेल, तर ते देणे कोणाचे? मृताचे, त्याच्या आप्तांचे, की देवाचे?

हा प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून आम्ही एका घटनेचा आधार घेतो. घटना दूरदेशीची आहे, पण तिने उभे केलेले प्रश्न आपल्या दाराशी येऊन थांबतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, सनशाइन कोस्ट भागातील वूम्बाय येथे, ७ डिसेंबर २००३ रोजी, रविवारी दुपारी, डॅनियल मॉरकम्ब नावाचा तेरा वर्षांचा मुलगा एका पुलाखाली बसची वाट पाहत उभा होता. त्याला मारूचिडोरच्या बाजारात जाऊन केस कापून घ्यायचे होते आणि घरच्यांसाठी नाताळच्या भेटवस्तू घ्यायच्या होत्या. ठरलेली बस वाटेत बिघडली होती. तिच्या जागी आलेली बस आधीच उशीर झाल्यामुळे न थांबता पुढे गेली, कारण मागून दुसरी गाडी येतच होती. ती दुसरी गाडी काही मिनिटांत तेथे पोहोचली, तेव्हा पुलाखाली कोणीही नव्हते. जुळ्या भावांपैकी एक असलेला हा मुलगा सिएना कॅथॉलिक कॉलेज या आपल्याच धर्मपरंपरेतील शाळेचा विद्यार्थी होता. बारा दिवसांनी तो चौदा वर्षांचा झाला असता.

पुढे जवळजवळ आठ वर्षे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. त्याचे आईवडील, ब्रूस आणि डेनीस मॉरकम्ब, यांनी हा विषय समाजाच्या विस्मरणात जाऊ दिला नाही. २००५ साली त्यांनी मुलाच्या नावे बालसुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापन केले, आणि कॉरोनरमार्फत जाहीर चौकशी व्हावी अशी मागणी केली. ती चौकशी राज्याचे कॉरोनर मायकल बार्न्स यांच्यासमोर ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाली. संशयाच्या परिघातील अनेकांना तेथे पाचारण झाले. त्यांतला एक इसम, ब्रेट पीटर कोवन, चौकशीच्या कागदांत ‘पी-७’ एवढ्याच खुणेने ओळखला जात होता. मुलांवरील अत्याचारासाठी त्याला पूर्वी दोनदा शिक्षा झालेली होती, आणि पोलीस डिसेंबर २००३ मध्येच त्याच्याशी बोलून आले होते. मार्च २०११ च्या अखेरीस त्याने चौकशीत साक्ष दिली आणि सारे नाकारले.

त्यानंतर काय घडले त्याकडे आम्ही पुढे वळू. आधी ही चौकशी म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण आमच्या प्रश्नाचे मर्म तिच्या स्वरूपातच दडलेले आहे.

कॉरोनरची चौकशी हा खटला नव्हे. तेथे आरोपी नसतो, शिक्षा नसते. क्वीन्सलंडच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे कॉरोनरने मोजक्या प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. मृत्यू खरोखर घडला काय, मृत व्यक्ती कोण, ती कशी, केव्हा व कुठे मृत्यू पावली, आणि मृत्यूचे कारण काय. याखेरीज असा मृत्यू पुन्हा घडू नये म्हणून काय करावे याविषयी तो अभिप्राय देऊ शकतो. अमुक मनुष्य गुन्हेगार आहे असे विधान निष्कर्षांत करण्यास मात्र कायदा त्याला स्पष्ट मनाई करतो. साक्षीदाराला अडचणीत आणणाऱ्या प्रश्नाचेही उत्तर देण्यास कॉरोनर भाग पाडू शकतो, परंतु खोट्या साक्षीचा खटला सोडल्यास ते उत्तर त्या साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे येथे सत्याला शिक्षेपासून मुद्दाम वेगळे काढलेले आहे. शिक्षेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी सत्य हवेच, असे ही संस्था सांगते.

आपल्या मुंबईकरांना हा शब्द अगदीच परका नाही. १८७१ च्या कायद्याखाली चालणारे कॉरोनरचे न्यायालय मुंबईत १९९९ पर्यंत होते. आज संशयास्पद मृत्यूची चौकशी पोलीस आणि दंडाधिकारी करतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ त्यासाठी होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. पंचनाम्याचे कागद आपल्याकडे तयार होतात, परंतु मृताच्या आप्तांना जाहीरपणे बसून काय घडले ते ऐकता यावे, प्रश्न विचारता यावेत, असे ठिकाण सहजासहजी मिळत नाही.

सत्याचे हे स्वतंत्र स्थान पवित्र शास्त्राला नवीन नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाने भावाचा वध केल्यावर परमेश्वर त्याला पहिला प्रश्न विचारतो तो आरोपाचा नाही. तू काय केलेस, हा प्रश्न नंतर येतो. आधी तो आबेलचा ठिकाणा विचारतो. सर्वज्ञ देवाला ठिकाणा ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. मग प्रश्न कशासाठी? आमच्या समजुतीप्रमाणे तो दोन कारणांसाठी होता. एक, मारणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने खरे बोलण्याची संधी मिळावी. दुसरे, मारला गेलेला भाऊ केवळ एका अपराधाचा विषय न राहता, ज्याचा शोध घ्यावा अशी एक व्यक्ती म्हणून राहावा. काइन रखवालीची जबाबदारीच झटकतो. ‘उकरून काय हाती लागणार’ या शहाणपणाचा तो आद्य उद्गार होय.

त्याच ग्रंथाच्या सदतिसाव्या अध्यायात सतरा वर्षांचा एक मुलगा बेपत्ता होतो. योसेफाचे भाऊ बापाला खोटे सांगतसुद्धा नाहीत. रक्तात बुडवलेला अंगरखा ते पुढे ठेवतात आणि ओळखण्यास सांगतात. निष्कर्ष याकोब स्वतःच काढतो. पुरावा तपासला जात नाही, साक्षीदारांना प्रश्न विचारले जात नाहीत, आणि त्या खोट्या निष्कर्षाखाली एक म्हातारा सुमारे बावीस वर्षे शोक करतो. मुले-मुली त्याचे सांत्वन करू पाहतात, पण तो सांत्वन नाकारतो. शास्त्राने हा तपशील जपून ठेवला आहे याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. सत्यावर न उभारलेले सांत्वन मन आतून स्वीकारतच नाही, हे शास्त्रकर्त्याला ठाऊक असावे. आणि सांत्वन करणाऱ्यांतच ज्यांना सत्य माहीत होते असे लोक बसले होते, ही त्या कथेतील सर्वांत भीषण गोष्ट होय.

तिसरा दाखला अनुवाद या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायातील आहे, आणि तो आमच्या विषयाला सर्वांत जवळचा. शेतात प्रेत सापडले आणि मारणारा कोण ते कळले नाही, तर वडीलधारे व न्यायाधीश यांनी बाहेर पडून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ भरेल त्याच्या वडीलधाऱ्यांनी, कधी जुवाखाली न गेलेली कालवड घेऊन, जेथे नांगरट वा पेरणी झालेली नाही अशा वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात तिची मान मोडावी, आणि तिच्यावर हात धुऊन देवासमोर आपल्या हातांची व डोळ्यांची ग्वाही द्यावी. विधी आज आपल्याला विचित्र वाटतो, त्यामागील न्यायबुद्धी मात्र विलक्षण आहे. मारेकरी अज्ञात म्हणून प्रकरण मिटत नाही. कोणीतरी पुढे यावेच लागते, आणि कोणी यायचे ते अपराधावरून नव्हे तर अंतरावरून ठरते. यहुदी धर्मपंडितांनी मिश्नामध्ये या विधीवर एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला आहे. गावचे वडीलधारे खुनी असतील असे कोणाला वाटते काय? मग त्यांनी शपथ का घ्यावी? त्यांचे उत्तर असे की, हा वाटसरू आपल्या गावी आला असता आपण त्याला अन्नाविना परत पाठवले नाही, आणि तो दिसला असता सोबतीविना वाटेला लावले नाही, याची ती ग्वाही आहे.

हे उत्तर वाचताना पुलाखालचा मुलगा आणि न थांबलेली बस डोळ्यांसमोर उभी राहते. बसचालकाने कोणताही अपराध केला नाही. मागची गाडी येत आहे हे त्याला ठाऊक होते. परंतु अपराध नसतानाही ‘आपण जवळ होतो’ ही जाणीव उरतेच, आणि कॉरोनरची चौकशी या जाणिवेला वाट करून देते. कोण दोषी, एवढाच प्रश्न विचारणारे न्यायालय उरलेल्या सर्वांना निर्दोष ठरवून घरी पाठवते. काय घडले, असा प्रश्न विचारणारी चौकशी मात्र प्रत्येकाला विचारते की तू त्या वेळी किती अंतरावर होतास आणि काय पाहिलेस. म्हणूनच कोवनला शिक्षा झाल्यानंतरही डॅनियलची मृत्युचौकशी संपली असे मानले गेले नाही. २०१४ साली न्यायालयाने दोष निश्चित केला, तरी शोधकार्य कसे चालले याची छाननी करून कॉरोनर टेरी रायन यांनी अखेरचे निष्कर्ष एप्रिल २०१९ मध्ये नोंदवले. शिक्षेने सत्य संपत नाही, हे त्या पंधरा वर्षांच्या चिकाटीने दाखवून दिले.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. इतक्या वर्षांनी तपशील ऐकणे म्हणजे आप्तांच्या जखमेवरची खपली काढणे नव्हे काय? दयेची मागणी मौनाची नाही काय? हा आक्षेप हृदयातून येतो आणि त्याचा अनादर करता येत नाही. तथापि, दया कोणी कोणावर करावयाची हे ठरवण्याचा अधिकार आधी जखमी माणसाला आहे, शेजाऱ्याला नाही. मॉरकम्ब दांपत्याने स्वतः चौकशी मागितली. अनिश्चिततेचे दुःख निश्चित दुःखापेक्षा हलके असते अशी आपली एक समजूत आहे, परंतु ज्यांच्या घरातून माणूस गेला आणि परतला नाही अशांना विचारून पाहावे. त्यांचे जेवणाचे ताट कोणासाठी तरी थांबलेले असते. त्यांना शोकही पूर्ण करता येत नाही आणि आशाही.

कायद्याने या अनिश्चिततेवर घड्याळाचा उपाय काढला आहे. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार, जो तसे म्हणतो त्याच्यावर जातो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. मालमत्तेचे व्यवहार अडून राहू नयेत म्हणून ती आवश्यक आहे. ख्रिस्तसभेचा कायदा मात्र अधिक कठोर आहे. जोडीदार मृत झाला असे गृहीत धरण्याची घोषणा करण्यापूर्वी महागुरूंनी योग्य चौकशीअंती नैतिक निश्चिती गाठली पाहिजे, आणि कितीही दीर्घ असली तरी केवळ गैरहजेरी त्यासाठी पुरेशी नाही, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम १७०७ सांगते. आमच्या मते या कलमात केवळ विवाहबंधनाची काळजी नाही. माणूस कालगणनेने मरत नाही, त्याच्याविषयी विचारणा झालीच पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे.

आता मघाशी मागे ठेवलेल्या भागाकडे वळू. आमच्या विवेचनाला सर्वांत अवघड जाणारा भाग तोच आहे. चौकशीत शपथेवर, भर दिवसा विचारलेल्या प्रश्नांना कोवनने खरी उत्तरे दिली नाहीत. साक्ष देऊन पर्थला परतताना, १ एप्रिल २०११ रोजी, विमानात त्याच्या शेजारी बसलेला मनुष्य वेषांतर केलेला पोलीस होता. पुढील काही महिन्यांत पोलिसांनी गुन्हेगारांची एक खोटी टोळी उभी केली, त्याला तीत सामील करून घेतले, मोठ्या रकमेचे आमिष दाखवले, आणि टोळीच्या म्होरक्यासमोर खरे बोलणाऱ्याचीच अडचण दूर होते असे पटवले. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने कबुली दिली आणि ग्लास हाउस माउंटन्स परिसरातील जागा दाखवली. तेथे डॅनियलचे बूट व अस्थी मिळाल्या. म्हणजे जे सत्याला साधले नाही ते असत्याने साधले. मग आमच्या तत्त्वाचे काय?

संत ऑगस्टीन यांच्यापुढे इ. स. ४२० च्या सुमारास हुबेहूब असाच प्रश्न आला होता. लपून राहणाऱ्या पाखंडी पंथाला उघडे पाडण्यासाठी श्रद्धावंतांनी त्याच पंथाचे असल्याचे सोंग घ्यावे काय, असे त्यांना विचारण्यात आले. ‘असत्याविरुद्ध’ या त्यांच्या ग्रंथाने ठामपणे नकार दिला. सत्याचा शोध खोट्याने घेऊ नये, कारण मग आपल्यावर विश्वास कोणी ठेवावा? संत थॉमस अक्वायनस यांनीही प्रत्येक असत्याला पाप मानले. मात्र दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेल्या असत्याचे पाप त्यांनी सौम्य मानले, आणि युद्धात बेत लपवून ठेवणे गैर नाही असेही सांगितले. लौकिक न्यायालयांतही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २००७ साली अशा कबुल्या ग्राह्य मानल्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उलट पवित्रा घेतला, आणि अशी कबुली प्रथमदर्शनी अग्राह्य धरून ती विश्वासार्ह असल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला. आमिषापोटी निरपराध मनुष्यही खोटी फुशारकी मारू शकतो, ही भीती रास्त आहे.

आमचे मत असे आहे. त्या पोलिसांना आम्ही दोषी ठरवीत नाही, परंतु त्यांच्या युक्तीला सद्गुणाचे नावही देत नाही. कबुलीने जे सांगितले ते केवळ शब्द होते. त्या शब्दांना सत्याचे बळ जमिनीने दिले, अस्थींनी दिले, आणि त्या राडीत खपणाऱ्या शोधकांच्या श्रमांनी दिले. ज्या दिवशी समाज अशा युक्तीवर समाधानी होऊन अस्थींचा शोध थांबवील, त्या दिवशी ऑगस्टीनची भीती खरी ठरेल. आणखी एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. त्या मनुष्याने सत्य सांगितले ते आईबापांच्या दुःखाला पाझरून नव्हे, न्यायाच्या भीतीने नव्हे, तर एका टोळीत आपल्याला जागा मिळावी म्हणून. पापनिवेदन आणि ही कबुली यांचे बाह्य रूप एकसारखे आहे: बंद खोली, एक ऐकणारा, एक सांगणारा. आतला गाभा मात्र अगदी उलटा. एकात मनुष्य पापापासून सुटण्यासाठी बोलतो, दुसऱ्यात पापाच्या बळावर मान मिळवण्यासाठी. म्हणून ती कबुली सत्य होती, पण पश्चात्ताप नव्हती. सत्य कळले म्हणजे सारे काही साधले असे नव्हे, हेही यातून शिकावे लागते.

हे लिहिताना आपल्या ख्रिस्तसभेकडे बोट न वळवणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॅनियलच्या प्रकरणाशी कोणत्याही धर्मसंस्थेचा संबंध नव्हता. परंतु त्याच देशात २०१३ ते २०१७ या काळात शाही आयोगाने संस्थांमधील बालशोषणाची चौकशी केली, आणि धार्मिक संस्थांविषयी पुढे आलेल्या पीडितांपैकी निम्म्याहून अधिकांनी कॅथॉलिक संस्थांचे नाव घेतले. तेथे कित्येक ठिकाणी वरिष्ठांना ठिकाणा ठाऊक होता, आणि विचारल्यावर त्यांनी काइनाचे उत्तर दिले. संस्थेचे नाव जपण्यासाठी बाळगलेले मौन हे योसेफाच्या भावांचे मौन होते. त्यानंतर क्वीन्सलंडने २०२० साली कायदा करून बालशोषणाबाबत पापनिवेदनाच्या गोपनीयतेची सबब नाकारली. ती गोपनीयता अभंग आहे असे आम्ही मानतो. परंतु संस्काराच्या बाहेर, कार्यालयात, पत्रव्यवहारात, कुजबुजीत जे कळले त्यावर त्या पवित्र मुद्रेचे पांघरूण घालणाऱ्यांनीच तिच्यावरचा लोकांचा विश्वास उडवला, हेही आम्हांस मान्य केले पाहिजे.

आपल्याकडेही मुले हरवतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये असा आदेश दिला की, हरवलेल्या मुलाची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा आणि अपहरण वा विक्री झाल्याचे गृहीत धरून तपास सुरू करावा. म्हणजे येईल आपोआप, रागावून गेला असेल, ही वाट पाहणे कायद्याने संपवले. धर्मग्रामातही ते संपले पाहिजे. आपल्या वाडीतले, चाळीतले, विटभट्टीवर आलेल्या परक्या कुटुंबातले मूल दिसेनासे झाले, तर अंतर मोजण्यास आधी कोणी निघायचे? अनुवादाच्या ग्रंथाचे उत्तर सरळ आहे. जो सर्वांत जवळ असेल त्याने.

डॅनियलचा दफनविधी ७ डिसेंबर २०१२ रोजी, तो नाहीसा झाला त्याच तारखेला नऊ वर्षांनी, त्याच्याच शाळेत झाला. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत मोजले आहे, आणि टोबिताने जिवावर उदार होऊन ते केले. पण ज्याचा ठिकाणाच ठाऊक नाही त्याला मूठमाती कशी द्यावी? म्हणून शोध घेणे ही दफनाची पहिली पायरी आहे, आणि म्हणून तेही दयेचेच कृत्य आहे. आरंभी आम्ही विचारले होते की हे देणे कोणाचे. मृताचे ते आहे, कारण आपली कथा त्याला आता स्वतः सांगता येत नाही. आप्तांचे आहे, कारण असत्यावर त्यांचे सांत्वन उभे राहत नाही. आणि देवाचे आहे, कारण हा प्रश्न प्रथम त्याने विचारला, आणि उत्तर ठाऊक असूनही विचारला. नोव्हेंबरात आपण मृतांची नावे घेऊन प्रार्थना करतो. ज्यांच्या नावापुढे जागा आणि तारीख लिहिता येत नाही अशांची नावेही त्या यादीत असावीत, आणि प्रार्थना आटोपल्यावर त्यांच्याविषयीची विचारणा चालू राहावी.